भामट्याला हवं असतं आपलं गप्प बसणं

मैत्रिणींनो, महिलांच्या पानावर बंदुकीचा विषय कशाला, असं काहीजणींच्या मनात नक्की येईल. बंदूक म्हणजे पुरुषांचा मामला, आपण त्यात कशाला पडायचं? पण जरा आजूबाजूला बघा. कोकणात आणि सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांमध्ये रानडुकरं, माकडं, गवे उभं पीक फस्त करतात. म्हणून शेतीसंरक्षणाचा परवाना काढून घेतलेली बंदूक कितीतरी घरांत आहे. कुणाकडे जुनी ठासणीची, कुणाकडे बारा बोअरची. परवाना अर्थातच घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नावावर. बाईचा त्या बंदुकीशी संबंध इतकाच, की कोनाड्यातली धूळ झाडताना तिला हात लावायचा नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ‘हे’ ती ठाण्यात जमा करून येतात, निकाल लागला की परत आणतात, एवढंच तिला ठाऊक.

आणि मग एक दिवस ‘हे’ राहत नाहीत. दिवसकार्य होतं, पाहुणे पांगतात, बँकेची पासबुकं आणि विम्याचे कागद बाहेर निघतात. सातबाऱ्यावर वारसाची नोंद करायला तलाठ्याकडे खेटे सुरू होतात. त्या सगळ्या धावपळीत बंदूक तशीच राहते. सहा महिन्यांनी कुणीतरी म्हणतं, “वहिनी, ही कशाला ठेवलीय घरात? विकून टाका. मोबाइलवर टाकली फोटो काढून, तर आठ दिवसांत गिऱ्हाईक मिळेल.” सांगणारा मनाचा वाईट नसतो. घरातलं जुनं टेबल, शिलाई मशीन, स्कूटर असंच विकलं गेलेलं त्याने पाहिलेलं असतं. पण बंदूक म्हणजे स्कूटर नव्हे, आणि ही गोष्ट वहिनींना कुणीच सांगितलेली नसते.

दुसरीकडे आपल्या मुली आहेत. २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने सुवर्णपदक मिळवलं. २०१८च्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबतने पिस्तुलात सोनं आणलं. २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक जिंकलं, तोही कोल्हापूर जिल्ह्यातलाच. मग तालुक्याच्या गावातली आठवीतली मुलगी “आई, मला एअर रायफल हवी” म्हणाली तर त्यात नवल काय? पण स्पर्धेच्या दर्जाची परदेशी रायफल नवी घ्यायची तर किंमत लाखाच्या घरात जाते. साहजिकच आई मोबाइलवर जुनी शोधायला लागते.

तिसरी एक बाई आहे. एकटी राहणारी, रात्रीच्या पाळीवरून घरी येणारी, किंवा मळ्यात वस्ती असलेली. तिच्या मोबाइलवर अचानक जाहिरात येते, ‘स्वसंरक्षणासाठी पिस्तूल, कागदपत्रांची गरज नाही, घरपोच मिळेल.’ भीती वाटत असते तेव्हा अशी जाहिरात डोळ्यांत भरते. २०१४ साली कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने खास महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं होतं, ते तुमच्यापैकी काहीजणींना आठवत असेल. वजन जेमतेम अर्धा किलो, पण किंमत सव्वा लाखाच्या आसपास आणि परवाना बंधनकारक. त्याच्यापुढे मोबाइलवरचं ‘वीस हजारांत, बिनपरवाना’ कुणालाही सोपं वाटेल.

एक विकणारी आणि दोघी घेणाऱ्या. तिघीही आपल्यासारख्याच, चार पैसे जपून वापरणाऱ्या. आणि या तिघींची वाट पाहत मोबाइलच्या पलीकडे एक माणूस बसलेला असतो. त्याला बंदूक विकायचीही नसते आणि घ्यायचीही नसते.

मग त्याला हवं तरी काय असतं? पैसे तर हवे असतातच. पण त्याहून त्याला एका गोष्टीची खात्री हवी असते, ती म्हणजे पैसे गेल्यावर ही बाई पोलिसांकडे जाणार नाही. जुना फ्रिज विकताना फसलेली बाई रागारागाने ठाणं गाठू शकते. बंदूक विकताना फसलेली बाई मात्र घरात बसून रडते. कारण ठाण्यात गेलं तर पहिला प्रश्न येणार, “बंदूक कुणाची? परवाना कुठाय?” हे त्या भामट्याला आपल्याआधी कळलेलं असतं. म्हणून मला वाटतं, मोबाइलवरच्या सगळ्या फसवणुकींत हत्यारांच्या नावाने होणारी फसवणूक जास्त वाईट. तिच्यात पैसा जातोच, वर तोंडाला कुलूप लागतं.

आता ही फसवणूक कशी चालते ते पाहू. आधी विकणारीची गोष्ट घेऊ. जाहिरात टाकल्यावर तासाभरात फोन येतो. बोलणं अत्यंत अदबीचं, “नमस्कार ताई.” समोरचा सांगतो, मी लष्करात आहे, सध्या अमुक ठिकाणी नेमणूक आहे, गावाकडे वडिलांना शेतीसाठी बंदूक हवीय. गणवेशातला फोटो पाठवतो, ओळखपत्र पाठवतो, आधार कार्डही पाठवतो. आपल्याकडे जवानाविषयी घराघरांत आदर आहे, त्यावर शंका घ्यायला मन धजत नाही. २०१८च्या पुढे जुन्या गाड्या आणि फर्निचरच्या व्यवहारात जवानाचं हेच सोंग घेऊन देशभर कितीतरी लोकांना गंडवलं गेलं. फोटो कुणा भलत्याच माणसाचा, आणि ओळखपत्र आधी फसलेल्या कुणाचं तरी.

मग किंमत. तो घासाघीसच करत नाही! तुम्ही मागाल ती किंमत त्याला मान्य असते. बायांनो, आयुष्यभर मंडईत भाजी घेताना आपण जे शिकलो ते इथे विसरायचं नाही. वस्तू न बघता, न हाताळता, सांगितलेल्या भावाला हो म्हणणारं गिऱ्हाईक खरं नसतं.

त्यानंतर तो म्हणतो, “ताई, पैसे आत्ताच पाठवतो. मी एक चौकोनी चित्र पाठवलंय, ते मोबाइलने स्कॅन करा आणि तुमचा पिन टाका, म्हणजे रक्कम तुमच्या खात्यात जमा होईल.” इथे डाव साधला जातो. यूपीआय आपल्याकडे २०१६ साली आलं, आज पानटपरीवरही चालतं. तरीही एक साधी गोष्ट अनेकींच्या मनात पक्की बसलेली नाही. पैसे घेताना पिन कधीही लागत नाही. पिन टाकणं म्हणजे आपल्या पाकिटाचं तोंड आपल्याच हाताने उघडणं. क्यूआर कोड स्कॅन करायचा तो पैसे देताना. दुकानदार आपल्याला कोड दाखवतो आणि आपण पैसे देतो, मग पैसे घेणारीने कोड का स्कॅन करावा? पूर्वी हे भामटे ‘पैसे मागण्याची विनंती’ पाठवायचे आणि आपण घाईत तिला होकार द्यायचो. व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोय यूपीआयवर १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, हे बरंच झालं. पण कोडाचा डाव अजून चालू आहे. ‘अडचण आली तर हे ॲप डाउनलोड करा, मी तुमचा स्क्रीन बघून मदत करतो’ हा डावही आहेच. कुणाही अनोळखी माणसाला आपल्या मोबाइलच्या पडद्यावर डोकावू द्यायचं नाही, मग तो कितीही ‘ताई ताई’ करो.

घेणारीची गोष्ट याहून लांबते. एअर रायफलचे सुरेख फोटो, किंमत निम्म्याहून कमी, आणि सोबत एक मनाला भिडणारी कहाणी. “माझ्या मुलीने खेळ सोडला, लग्न झालं, आता पडूनच आहे, कुणा होतकरू मुलीला उपयोगी पडावी.” आई विरघळते. आधी थोडं टोकन, मग कुरिअरचा खर्च, मग विमा, मग ‘रस्त्यात अडवलीय, कागद करायला एवढे लागतील, नंतर परत मिळतील.’ प्रत्येक वेळी रक्कम अशी मागायची, की आधीचे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जावा. शेवटी ‘तेलही गेलं, तूपही गेलं’ अशी गत होते आणि फोन बंद होतो.

पिस्तूल मागवणारीचं याहून कठीण. तिने पैसे भरले की दोन दिवसांनी वेगळाच फोन येतो. समोर खाकी गणवेश, मागे ठाण्यासारखी भिंत, आवाज करडा. “तुमच्या नावाने हत्यार पकडलंय. अटक होईल. मिटवायचं असेल तर...” आधीच घाबरलेली बाई, आता तर गुन्ह्याच्या भीतीने पार गळून जाते. मोबाइलवर अटक झाल्याचं सांगून लोकांना तासन् तास बसवून ठेवण्याचे प्रकार इतके वाढले, की २७ ऑक्टोबर २०२४च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांना स्पष्ट सांगावं लागलं, कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ असं काही नाही. पोलिस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि प्रकरण मिटवायला यूपीआयवर पैसे मागत नाहीत. तसा फोन आला तर तो ठेवून द्यायचा आणि स्वतः चालत जवळच्या ठाण्यात जायचं.

आता कायद्याकडे वळू. कायदा म्हटलं की आपल्याला कंटाळा येतो, पण इथे तो आपल्या बाजूचा आहे. आपल्या देशात १९५९चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे २०१६चे शस्त्र नियम लागू आहेत. परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. परवाना मिळतो तो जिल्हाधिकाऱ्यांकडून, आणि जिथे पोलिस आयुक्तालय आहे तिथे आयुक्तांकडून. अर्ज, पोलिसांची चौकशी, हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण, हे सगळं झाल्यावरच. मग परवानाधारक दुकानातून खरेदी, दुकानाच्या वहीत नोंद आणि आपल्या परवान्यावरही नोंद. ‘कागदपत्रांची गरज नाही, घरपोच मिळेल’ असं सांगणारा माणूस एकतर भामटा असतो, नाहीतर गुन्हेगार. तिसरी शक्यता नाही. फेसबुकने तर जानेवारी २०१६ मध्येच खासगी व्यक्तींनी आपसात बंदुका विकण्या-घेण्याच्या जाहिरातींना मनाई केली. म्हणजे तिथे अशी जाहिरात दिसली, तर तिची सुरुवातच नियम मोडून झालेली असते.

२०१९ साली कायदा आणखी कडक झाला. बिनपरवाना बंदूक बाळगल्याबद्दल आता किमान २ वर्षं आणि जास्तीत जास्त ५ वर्षं कैद, शिवाय दंड. कायद्याला सोडून हत्यारं विकणाऱ्याला ७ वर्षांपासून थेट जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. वाचून छातीत धस्स झालं ना? व्हायलाच हवं. ‘अहो, घरातली जुनी वस्तू विकली, त्यात काय एवढं’ असं न्यायालयात म्हणता येत नाही. आणि समजा, गिऱ्हाईक भामटा नसून खरंच बंदूक घेऊन गेलं, तर? उद्या त्या बंदुकीने काही झालं, तर नंबरावरून माग काढत पोलिस कुणाच्या दारात येतील? त्या वहिनींच्याच. म्हणजे फसलो तरी घात, आणि न फसलो तर त्याहून मोठा घात.

मग त्या वहिनींनी करायचं काय? वाट सरळ आहे, फक्त कुणी दाखवत नाही. परवानाधारक गेला की त्याच्या नावाचा परवाना घरच्यांना आपोआप लागू होत नाही. म्हणून बंदूक आणि काडतुसं विनाकारण वेळ न लावता जवळच्या पोलिस ठाण्यात, किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची. आधी ठाण्यात फोन करून सांगावं, बरोबर घरातलं जाणतं माणूस न्यावं, आणि बंदूक भरलेली नाही याची खात्री जाणकाराकडूनच करून घ्यावी. उगाच स्वतः खटका चाळवायला जाऊ नये. ठासणीच्या बंदुकीत जुनी दारू भरलेली राहून जाऊ शकते. शंका असेल तर हात न लावता पोलिसांनाच घरी बोलवावं.

जमा केली की पावती घ्यायची. तिच्यावर बंदुकीचा प्रकार, नंबर, काडतुसांची संख्या, तारीख आणि शिक्का हवा. ही पावती म्हणजे सोन्याच्या पाटल्यांच्या पावतीसारखीच जपायची. कारण बंदूक जमा झाली म्हणजे हातची गेली, असं नाही. वारस म्हणून तिच्यावरचा तुमचा हक्क कायम राहतो. ठरलेल्या मुदतीत तुम्ही स्वतःच्या नावाने परवाना मागू शकता. बायको असो की मुलगी, वारस म्हणून तिला अर्ज करता येतो. परवानाधारक ७० वर्षांचा झाला, किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे असली, तर तो हयात असतानाही वारसाचं नाव सुचवू शकतो, अशी तरतूद २०१६च्या नियमांत आहे. घरात सासरे थकले असतील तर हा विषय आत्ताच काढा. माणूस गेल्यावर कागद शोधण्यापेक्षा माणूस असताना सही घेणं कधीही सोपं.

आणि ठेवायची नसेल, तर विकताही येते. परवानाधारक विक्रेत्याला विका, किंवा ज्याच्याकडे वैध परवाना आहे अशा माणसाला. दुसऱ्या वाटेने जायचं असेल तर कायदा म्हणतो, आधी जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याच्या अधिकाऱ्यांना लेखी कळवा, घेणाऱ्याचं नाव-पत्ता द्या, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबा. मगच बंदूक हातातून सोडायची. मुदतीत काहीच केलं नाही, तर ती सरकारजमा होऊ शकते, तेव्हा आळसही नको. नेमकी मुदत आणि अर्जाचा नमुना जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत विचारून घ्या.

पंचेचाळीस दिवस! ऐकूनच काहीजणी म्हणतील, एवढं कोण थांबणार? पण मला तर या ४५ दिवसांचं मोल फार वाटतं. भामट्याला सगळ्यात जास्त भीती वाटते ती वेळेची. “आत्ताच करा”, “माझी ड्युटी लागतेय”, “दुसरं गिऱ्हाईक तयार आहे” ही त्याची भाषा. त्याला आपण एवढंच म्हणून बघायचं, “दादा, तुमचं नाव, पत्ता आणि परवान्याची प्रत द्या, मी ठाण्यात अर्ज देते, दीड महिन्याने या.” खरा घेणारा असेल तर तो हो म्हणेल, कारण त्यालाही हे नियम ठाऊक असतात. खोटा असेल तर पुन्हा फोनच येणार नाही. फुकटात माणसाची पारख झाली. सरकारी कामाच्या दिरंगाईला आपण एरवी बोटं मोडतो, पण इथे ती दिरंगाईच आपल्याला राखते.

मुलीसाठी एअर रायफल घेणाऱ्या आईला एवढं कडक काही नाही. ०.१७७ बोअरच्या आणि २० जूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. दहा मीटरच्या स्पर्धेची रायफल याच बोअरची. पण परवाना लागत नाही म्हणजे डोळे मिटून घ्यायची, असं नव्हे. आधी मुलीला क्लबमध्ये घाला. तिथल्या रायफलवर सहा महिने सराव होऊ दे, तिची आवड टिकते का ते बघा. जुनी रायफल घ्यायची तर क्लबच्या प्रशिक्षकांमार्फत, विकणाऱ्या कुटुंबाला समोरासमोर भेटून, मुलीच्या खांद्याला लावून बघून घ्या. प्रत्येक मुलीच्या हाताच्या लांबीप्रमाणे रायफलचा दस्ता कमीजास्त करावा लागतो. फोटोवरून ते कळणार कसं? मूळ खरेदीची पावती आणि रायफलवरचा नंबर जुळतो का ते पाहा, आणि वस्तू हातात आल्यावरच पैसे द्या. टोकन नाही, ॲडव्हान्स नाही.

पिस्तुलाच्या जाहिरातीकडे पाहणाऱ्या मैत्रिणीला मात्र मला वेगळं सांगायचंय. तुझी भीती खरी आहे, तिला मी हसणार नाही. पण ती भीती घालवायला जे विकत घ्यायला निघालीस, त्याने भीती दुप्पट होईल. बिनपरवाना हत्यार घरात ठेवून कोणती बाई शांत झोपली? खरंच हत्याराची गरज वाटत असेल, तर रीतसर अर्ज कर. जिवाला धोका का आहे, ते लेखी मांड. अडचणीच्या क्षणी ११२ला फोन कर. आणि जाहिरात दिसली तर ती मैत्रिणींना पुढे पाठवू नकोस. तिचा फोटो काढून ठेव आणि पोलिसांना दाखव.

आता ज्या कुणी आधीच फसल्या असतील, त्यांच्यासाठी. पैसे गेले असतील तर पहिला फोन १९३० या नंबरवर. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम मधल्यामध्ये रोखली जाण्याची शक्यता जास्त. ‘आधी नवऱ्याला सांगू का, भावाला विचारू का’ यात दिवस घालवू नका. व्यवहाराचा क्रमांक, समोरच्याचे मेसेज, फोन नंबर, यातलं काहीही पुसू नका. सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. आणि ‘मीच बिनपरवाना बंदूक विकायला काढली होती, मलाच आत टाकतील’ ही भीती असेल, तर आधी वकिलाचा सल्ला घ्या. त्याला पैसे लागतील म्हणून मागे सरू नका. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्ह्याच्या न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, १५१०० हा त्यांचा फोन नंबर. बंदूक घरात आहे आणि ती जमा करायची राहून गेली, हे आपण होऊन सांगायला जाणं, आणि कुणीतरी शोधत दारात येणं, यात जमीनअस्मानाचा फरक आहे.

एक सूचना कागदांबद्दल. नवऱ्याच्या परवान्याचा, स्वतःच्या आधार कार्डाचा, बंदुकीच्या नंबराचा फोटो कुणाही अनोळखी माणसाला पाठवू नका. तुम्हाला फसवून झाल्यावर तो तुमचेच कागद दाखवून पुढच्या बाईला फसवणार. “हे बघा, ह्या ताईंकडून घेतलीय, ही त्यांची ओळख.” आपल्या नावाने दुसरीचं घर बुडावं, यासारखं दुःख नाही.

हे सगळं लिहिताना मला सारखं एक जाणवत राहिलं. या फसवणुकीचं मूळ मोबाइलमध्ये आहेच, पण त्याआधी ते आपल्या घरातल्या रीतीत आहे. बंदूक कुठाय, परवाना कधी संपतो, काडतुसं किती, हे घरातल्या बाईला सांगायचं नाही. विम्याची, जमिनीची, कर्जाची तीच कथा. मग एके दिवशी सगळा भार एकदम तिच्या डोक्यावर येतो आणि ती ज्याच्या-त्याच्या सांगण्यावर चालत राहते. परवाना पुरुषाच्या नावावर असेल तर असो, पण त्याची मुदत आणि अटी घरातल्या बाईला पाठ असायला हव्यात. शस्त्रपरवान्याची मुदत २०१९पासून ५ वर्षांची झाली आहे. तुमच्या घरातला कधी संपतो, हे आज रात्री जेवताना विचारून तर बघा!

आणि पोलिसांकडे एक मागणं. कुणाकडे बंदूक आहे, याची यादी प्रत्येक ठाण्यात असते. आचारसंहिता लागली की त्या यादीवरून घरोघर निरोप जातो. मग परवानाधारक गेल्याचं गावात कळल्यावर तसाच निरोप त्याच्या घरी का जाऊ नये? पोलिस पाटील गावातच असतो. त्याने दहाव्या-बाराव्यानंतर एकदा येऊन त्या बाईला समजावून सांगावं, की बंदूक कुठे जमा करायची, पावती काय घ्यायची, पुढे तिचे हक्क काय. पंधरा मिनिटांचं काम आहे. त्याने एक बाई गुन्हेगार ठरण्यापासून वाचेल, एक बंदूक भलत्या हातात जाण्यापासून वाचेल. बचत गटांच्या बैठकीतही महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं मोबाइलच्या फसवणुकीवर बोललं जावं. कर्जाच्या हप्त्याचा हिशेब आपण तिथे चोख ठेवतो, मग कष्टाचा पैसा राखण्याची चर्चा तिथेच व्हायला काय हरकत आहे?

तोवर आपण आपल्यापुरतं एक ठरवू या. जो व्यवहार ठाण्यात जाऊन मोठ्याने सांगता येणार नाही, तो मोबाइलवर हळूच करायचा नाही. फोनवरचा माणूस “कुणाला सांगू नका ताई” म्हणाला, की त्याच क्षणी शेजारणीला हाक मारायची आणि सगळं सांगून टाकायचं.